जेवायला नेणं

गोंदियात कुणी म्हणालं, "रविवारी सगळे नागपूरला चाललो, जेवायला," की ऐकणारा लगेच विचारतो, "काय आहे?" नुसतं पोट भरायला माणूस सव्वाशे-दीडशे किलोमीटर जात नाही, हे त्याला ठाऊक असतं. मुलीचं लग्न जमलं असेल, मुलाला नोकरी लागली असेल, कुणी निवृत्त झालं असेल. घरात काही चांगलं घडलं की ते सगळ्यांनी मिळून साजरं करायची ही एक रीतच आता झाली आहे.

आमच्या घरी निमित्त होतं आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाल्याचं. बाबांची सगळी नोकरी राईस मिलच्या खातेवहीत गेली. आईचा दिवस स्वयंपाकघरात सुरू व्हायचा आणि तिथेच मावळायचा. या दोघांना एका संध्याकाळी चांगल्या ठिकाणी, निवांत जेवायला न्यायचं, हे आम्हा भावंडांचं एका बैठकीत ठरलं. कुठे न्यायचं, ते मात्र ठरेना. फोनवर फोन झाले, याद्या झाल्या, रुसवेही झाले. त्या सगळ्या खटपटीत मला एक गोष्ट उमजत गेली. हॉटेल निवडणं ही ऐपतीची किंवा हौशीची बाब आहे, असं आपण धरून चालतो. मला ती पाहुणचाराची बाब वाटते. आणि पाहुणचार ही गोष्ट पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत फार मनावर घेतली जाते.

दिवाळी आटोपली की भंडारा-गोंदियाच्या गावागावांत मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. म्हणजे खास रात्री घराबाहेर पडणं आमच्याकडे रेस्टॉरंटं येण्याच्या फार आधीपासून आहे. वाटणी एवढीच होती की जेवण घरी आणि रात्र बाहेर. नाटकाला जाण्याआधी घरोघरी पंगती उठायच्या. सोयऱ्याचा सोयरा म्हणून अनोळखी माणूसही पोटभर जेवून जायचा. भात, वरण, वांग्याची भाजी, उडदाचे वडे. कुठे कोंबड्याचा रस्सा, कुठे तळ्यातली मासोळी. वाढणाऱ्याचं लक्ष पाहुण्याच्या पानाकडे असायचं. पान रिकामं दिसायच्या आत त्यावर भात पडला पाहिजे, आणि नको म्हणून आडवा आलेला हात हलकेच बाजूला सारता आला पाहिजे. वाढणाऱ्याची परीक्षा तिथे व्हायची.

या रात्री घरातली बाई नाटकाच्या मांडवात सगळ्यांत शेवटी पोचायची. शेवटची पंगत उठल्यावर, भांडी आवरल्यावर, दोन घास उभ्या उभ्या खाल्ल्यावर. पहिला अंक तिचा ठरलेला बुडायचा. आजही आईला कितीतरी नाटकांचे शेवट तोंडपाठ आहेत. सुरुवाती तिला ठाऊक नाहीत.

म्हणून जेव्हा ती म्हणाली, "काहून एवढा खर्च करता बापा? घरीच वडे-भात करू, सोयरे बलावू," तेव्हा कुणीच मान डोलावली नाही. घरी केलं की ती पाहुणी होत नाही. आचारी लावला तरी मोठी परात कुठे ठेवली आहे हे तिलाच माहीत असतं. सुनांनी सगळं हाती घेतलं तरी कढीला उकळी आली का, हे बघायला ती उठतेच. तिला बसवायचं असेल तर तिच्या स्वयंपाकघरापासून लांबच न्यायला हवं होतं.

पण मग प्रश्न येतो की त्या दिवशी यजमान कोण? हॉटेलचा मालक अन्न विकतो, वेटर वाढतो. आईला जेवायला बोलावलं आम्ही, तेव्हा यजमान आम्हीच. मात्र घरच्या यजमानाकडे जे जे असतं ते इथे आपल्या हातात राहत नाही. चूल दुसऱ्याची, वाढप दुसऱ्याचं, आग्रह करायचा तर वेटरला खूण करावी लागते. आपल्या हाती उरते ती एकटी निवड. घरी जी काळजी आपण चार तास राबून घेतो, ती सगळी इथे आधीच, जागा ठरवताना घ्यावी लागते. जेवायला नेणाऱ्याचा स्वयंपाक म्हणजे त्याची निवड. हे एकदा मनात बसलं, आणि मग आमच्या याद्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पहिला विचार अर्थातच गोंदियाचा होता. हे शहर रेल्वेने मोठं केलं. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेची मोठी लाईन इथून गेली, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन इथूनच निघाली, आणि धानाच्या मुलखातलं एक खेडं जंक्शन झालं. त्या रेल्वे कंपनीची पुरी आणि रांचीची हॉटेलं पुढे नावाजली गेली. गोंदियाच्या वाट्याला गाड्या आल्या, व्यापार आला, मारवाडी, गुजराती आणि सिंधी कुटुंबं आली, तांदळाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला. आज शहरात स्वच्छ, थंडगार, बऱ्यापैकी जेवण देणारी फॅमिली रेस्टॉरंटं आहेत. वाढदिवस तिथे रोज साजरे होतात. भावाचं म्हणणं, लांब कशाला जायचं?

गोंदियाला माझा नकार पदार्थांमुळे नव्हता. बाबा ज्या मिलमध्ये दिवाणजी होते तिथले शेठ, त्यांचे भाऊबंद, अडते, सगळे त्याच दोन-चार ठिकाणी जेवायला येतात. शेठ आत आले की बाबा घास खाली ठेवून उठून उभे राहणार. इतक्या वर्षांची ती सवय. तिच्यात आदर आहे, प्रेमही आहे, आणि शेठही त्यांना मानाने वागवतात. तरी त्या एका संध्याकाळी बाबांना कुणासाठीही उठायला लागू नये, असं मला फार वाटत होतं. आपल्या गावात माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो, आणि त्या ओळखीबरोबर त्याची पायरीही त्याच्यासोबत टेबलापर्यंत येते. परगावी तो फक्त पाहुणा असतो.

दुसरी सूचना तिरोड्याला दिलेल्या बहिणीची होती. बोदलकसाला तळ्याकाठी पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट आहे. नागझिऱ्याचं जंगल जवळ. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून तिकडे लांबलांबची माणसं येतात. संध्याकाळी पाण्यावर ऊन उतरताना ती जागा डोळ्यांत मावत नाही. मुंबईच्या माणसासाठी मी डोळे मिटून तीच निवडली असती. पण आई-बाबांचं सगळं आयुष्य मामा तलावांच्या काठी गेलं. मालगुजारीच्या काळातले हे तलाव, त्यांची पाळ, त्यातले शिंगाडे आणि मासोळ्या, हे त्यांचं रोजचं जग. आई लहानपणी तळ्यावरूनच पाणी आणायची. तिला काय वेगळं वाटेल, याचा विचार आपण आपल्या डोळ्यांनी करून चालत नाही. खास म्हणजे ज्याला नेतो त्याच्या आयुष्यात जे सहसा येत नाही ते. आईच्या आयुष्यात झाडं आणि पाणी भरपूर होतं. पांढऱ्याशुभ्र कापडाचं टेबल, समोर अदबीने उभा असलेला माणूस, आणि "आपल्याला काय आवडेल?" हा प्रश्न नव्हता.

तेव्हा नागपूर. पण नागपूर म्हणजे तरी कुठे? सीताबर्डी, सदर, धरमपेठ, रामदासपेठ, वर्धा रोड. प्रत्येक भागाची जेवणाची तऱ्हा निराळी. भाचा म्हणाला, टेबलावरच शेगडी ठेवतात तिथे जाऊ. मेहुण्यांना सावजी हवं होतं. सावजी ही नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातली चव, मसाला झणझणीत, तर्री लालभडक. विदर्भाने जगाला दिलेल्या पदार्थांत तिचा मान मोठा आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या दोन पोटांना ती रात्र जड गेली असती. पुण्याच्या भावाने वर्धा रोडवरच्या पंचतारांकित हॉटेलातला बुफे सुचवला. किती प्रकार असतात, हे तो उत्साहाने सांगत होता. त्यावर बहीण जे बोलली ते मला फार पटलं. "तिथेही आईने ताट घेऊन उठायचं? ते तर ती घरी करतेच."

बुफे बाद झाला. जिथे बसून जेवता येतं, जिथे पदार्थ आपल्याकडे येतात, तीच जागा हवी. यादी एकदम आटोपशीर झाली. आपण हॉटेलांची नावं चाळत बसतो, कुणी किती तारे दिले ते मोजतो. त्याऐवजी ज्याला न्यायचं त्याच्याबद्दलचं एक खरं वाक्य सापडलं की निम्मं काम होतं. आमचं वाक्य होतं : आईने उठायचं नाही.

बाबांची अडचण निराळी होती. मोठ्या हॉटेलच्या काचेच्या दारापुढे त्यांचे पाय अडखळतात. त्यांच्या लहानपणी गावच्या पंगतीत कोण कोणत्या ओळीत बसणार हे जन्मावर ठरायचं. कुणाला ओसरीवर, कुणाला अंगणात, आणि काहींना अंगणाच्याही बाहेर वाढलं जायचं, तेही सगळ्यांत शेवटी. शहरातल्या हॉटेलांतही जातीनुसार आत-बाहेर होतं. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेला म्हणूनच पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहावं लागलं, की दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांत प्रवेश करण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. देशाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत उपाहारगृहाचा उल्लेख आहे, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी हलवून सोडते. एकत्र जेवायला बसणं या देशात किती अवघड होतं आणि ते किती मोलाचं आहे, हे घटना लिहिणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. ज्या टेबलावर पैसे देणाऱ्या कुणालाही बसता येतं, ते टेबल मिळवायला पिढ्या गेल्या. बाबांना तिथे बसवणं ही माझ्या दृष्टीने चैन नव्हती, त्यांच्या हक्काची जागा त्यांना दाखवणं होतं.

पण कायद्याने दार उघडतं, आदर माणसांकडून यावा लागतो. काही ठिकाणी दार उघडणाराच माणूस आपल्या चपलांकडे बघून मनात किंमत करतो. म्हणून कामानिमित्त नागपूरला गेलो असताना रामदासपेठेतल्या एका जुन्या रेस्टॉरंटात मी आधी एकटाच जाऊन जेवलो. पदार्थांपेक्षा माझं लक्ष इतर गोष्टींकडे होतं. दारात किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, खुर्चीला हात आहेत का, गाण्याचा आवाज किती, दिवा इतका मंद तर नाही ना की म्हाताऱ्या डोळ्यांना ताटातलं दिसू नये. माझ्यासमोर एक वयस्कर जोडपं ऑटोतून उतरलं. आजोबांच्या अंगात साधा पायजमा-सदरा, आजींचं नऊवारी. दारावरच्या माणसाने पुढे होऊन आजींच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्या चालीने चालत त्यांना टेबलापर्यंत पोचवलं. माझी परीक्षा तिथेच संपली. कुणाला चांगल्या ठिकाणी न्यायचं असेल तर आपल्यापेक्षा साध्या दिसणाऱ्या माणसाशी तिथे कसं वागतात, ते पाहावं.

जेवण झाल्यावर मी कॅप्टनशी बोललो. ऑर्डर घेणाऱ्या त्या माणसाने किती जण, किती वाजता, निमित्त काय, सगळं विचारून वहीत लिहिलं. मग मी माझी खरी अडचण सांगितली. मेनूकार्डावर जिरा राईस होता, पुलाव होता, बिर्याणी होती, साधा वाफवलेला भातही होता. पण सगळा बासमतीचा. आमच्याकडे भात जेवला नाही तर जेवणच झालं नाही, आणि भात म्हणजे बारीक दाण्याचा, मऊसर, वरण पिऊन घेणारा. सुटा, लांब, एकमेकांना न शिवणारा दाणा बघून आई दोन घास खाईल आणि हात धुवायला उठेल. कॅप्टन क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आमच्या स्टाफसाठी रोज एचएमटीचा भात होतो. तो चालेल का?"

मी चकितच झालो. एचएमटी हा आमच्या पूर्व विदर्भाचाच तांदूळ. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून हे वाण तयार केलं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला मिळालं आणि ते कितीतरी राज्यांतल्या बांध्यांमध्ये पोचलं. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या हातचा तो तांदूळ या मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात रोज शिजत होता, रोज खाल्ला जात होता, आवडीने खाल्ला जात होता. फक्त कार्डावर त्याला जागा नव्हती.

पैशांचंही बोलायला हवं, कारण यजमानाने बिलाची काळजी पाहुण्याच्या नजरेआड आधीच मिटवलेली असली पाहिजे. एरवी रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के होतो. दहा-बारा माणसांच्या जेवणात हा फरक चांगलाच जाणवतो. सेवाशुल्क बिलात आपोआप जोडता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. हे सगळं आधी समजून घेतलं की टेबलावर कुजबुज होत नाही. आम्ही भावंडांनी अंदाज काढला, आपापला वाटा एकाकडे दिला, वाढणाऱ्यांना खुशीने द्यायचे पैसे पाकिटात वेगळे ठेवले. किमती दिसल्या असत्या तर बाबांनी आयुष्यभराच्या सवयीने त्यांची बेरीज केली असती आणि सगळ्यांत स्वस्त ते मागवलं असतं. म्हणून आई-बाबांसाठी पदार्थांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून ठेवायची विनंती मी केली. कॅप्टनने ती आनंदाने मान्य केली.

"टेबल कुणाच्या नावाने लिहू?" त्याने शेवटी विचारलं. मी आईचं नाव सांगितलं.

त्या संध्याकाळचं फार वर्णन करत नाही. दुपारी गोंदियातून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने आम्ही गेलो, रात्री मामेबहिणीकडे राहिलो, सकाळी मुंबईहून येणाऱ्या विदर्भनेच परतलो. रात्रीची घाई आम्हाला नको होती. दारातच आईला तिच्या नावाने हाक आली. आमच्या गल्लीत ती कुणाची तरी आई, कुणाची काकू, दिवाणजींच्या घरची. तिचं स्वतःचं नाव असं चारचौघांत, आदराने, परक्या माणसाच्या तोंडून तिने किती वर्षांनी ऐकलं असेल! कॅप्टनने कागद आधी तिच्यापुढे धरला. सवयीने ती म्हणाली, "यायले विचारा." तो हसून तसाच उभा राहिला. मग तिने चष्मा काढून पुसला, कागद सबंध वाचला आणि वांग्याच्या भाजीपासून खिरीपर्यंत सगळ्यांचं जेवण ठामपणे सांगितलं. शेवटी वाफाळता मऊ भात आला. वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा डाव पुढे केला तेव्हा आईने पानावर हात आडवा धरला. जन्मभर दुसऱ्यांचा तो हात बाजूला सारणारी बाई पहिल्यांदाच स्वतः "पुरे" म्हणत होती. बाबांनी वाढणाऱ्याला सांगितलं, "वाढा हो, लाजते ती." त्या एका वाक्यात बाबा यजमान झाले होते, आणि तेवढ्यासाठी केलेली सगळी यातायात सार्थकी लागली.

तरी तो स्टाफचा भात माझ्या मनातून जात नाही.

अशा खास जेवणासाठी आम्हाला गोंदियातून बाहेर पडावं लागतं, याबद्दल माझी नागपूरवर काही तक्रार नाही. शहरं मोठी असतात, त्यांचा थाट वेगळा असतो. मला प्रश्न पडतो तो आमच्या मुलखाबद्दल. माणूस यजमान असतो, तसं गावही यजमान असतं. आलेल्या पाहुण्याला आपण काय वाढतो, कोणत्या पानावर वाढतो आणि कशाला मागे स्वयंपाकघरात लपवून ठेवतो, हेही गाव ठरवतच असतं. गोंदियात बाहेरून माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त येतात. जंगल बघायला येतात, धानाच्या व्यापाराला येतात, माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला देशभरातून आदिवासी बांधव येतात, बिरसीच्या विमानतळावरही प्रवासी उतरतात. त्यांना आपण काय जेवायला घालतो? पंजाबी भाज्या, चायनीज नूडल्स आणि बासमतीचा भात. हे पदार्थ वाईट नाहीत. पण ज्याच्या घरात धानाच्या राशी लागतात त्याने पाहुण्याला दुसऱ्याच्या शेतातला तांदूळ वाढावा, हे मला यजमानाला शोभणारं वाटत नाही.

आमच्या सीमेपलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो शिजायला लागला की घमघमाट चार घरं जातो. वैनगंगेच्या या खोऱ्यात सुवासिक आणि बारीक तांदळाची अशी किती वाणं लोकांनी जपली! तलावातली मासोळी आणि शिंगाडे आहेत, जे ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या काढत आला. मोहाची फुलं आहेत, जवसाची चटणी आहे, लाखोळीच्या डाळीचे वडे आहेत, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकापासून नांदते आहे. त्यांचे मोमो आणि थुक्पाही आता या जिल्ह्याच्याच जेवणाचा भाग आहेत. एवढं सगळं असलेल्या मुलखाला मेनूकार्ड उसनं आणायची गरज काय?

मुंबईत हा विचार सुरू झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. कमला मिल्सच्या आवारात २०१५ साली 'द बॉम्बे कँटीन' निघालं, महालक्ष्मीला जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ साली 'मास्क' निघालं. देशाच्या निरनिराळ्या भागांतलं धान्य, भाज्या आणि पदार्थ मानाने टेबलावर आणायचे, हा त्यांचा बाणा. तिथे जेवायला माणसं आधीपासून जागा राखून जातात. मुंबईच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात हे घडू शकलं. गोंदियात तर तांदळाच्या गिरण्या आहेत आणि त्यांतल्या काही बंद पडल्या आहेत. उंच छताच्या शेडी, जाड भिंती, धान वाळवायची मोठी पटांगणं. त्यांतली एखादी घासूनपुसून घ्यावी, टेबलं मांडावीत, गावातल्या ज्या बायकांनी आयुष्यभर पंगती वाढल्या त्यांना चांगल्या पगारावर तिथल्या स्वयंपाकघराच्या प्रमुख करावं, आणि कार्डावर पहिल्या ओळीत भाताची चार नावं लिहावीत : चिन्नोर, एचएमटी, जय श्रीराम, लुचई. पुढे तो तांदूळ कोणत्या गावचा तेही लिहावं.

हे व्हायला मोठं भांडवल लागतं, धीर लागतो, आणि 'आपलं ते साधं' ही समजूत टाकून द्यावी लागते. शेवटची गोष्ट सगळ्यांत कठीण. पाहुणा आला की आपण घरातलं चांगलं झाकून बाहेरचं विकत आणतो, कारण घरच्याचं मोल आपल्यालाच पटलेलं नसतं. आईला तिच्या नावाने हाक मारून, टेबलाच्या मधोमध बसवून आम्ही तिचं मोल तिला सांगायचा प्रयत्न केला. आमच्या मुलखालाही कुणीतरी असंच बसवायला हवं. ते काम बाहेरचं कुणी करणार नाही. धानाच्या पैशावर मोठे झालेले व्यापारी, शिकून परगावी गेलेली मुलं आणि इथेच राहून खटपट करणारे आम्ही, आम्हालाच ते करावं लागेल. मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. दोन मिलमालकांशी बोललो आहे, बचत गटातल्या बायकांना विचारलं आहे. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. नागपूरच्या त्या कॅप्टनचा नंबर मी जपून ठेवला आहे. पाहुण्याला बसवावं कसं हे त्याला येतं, आणि भात कोणता वाढावा हे आम्हाला. ज्या दिवशी गोंदियात असं टेबल लागेल, त्या दिवशी पहिलं आमंत्रण त्यालाच.